तळ्याकाठच्या टाळ्या

"आली बघा चिनी," इडलीचा तुकडा चटणीत बुडवत माझी जाऊ प्रफुल्ला म्हणाली.

"कोरियन," मी म्हटलं.

"तेच ते."

मुळाकाठ गोल्फ क्लबच्या व्हरांड्यात आम्ही नाश्त्याला बसलो होतो. यमुनाबाई चषकाचा शेवटचा दिवस होता. व्हरांड्याच्या खाली, सरावाच्या हिरवळीवर सोही बेक एकटी उभी होती. एकाच जागेवरून बॉल हिरवळीतल्या भोकात, म्हणजे कपात, घालायचा, काढायचा, पुन्हा मागे यायचं, पुन्हा घालायचा. भोवताली काय चाललंय याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"बाई आहे का मशीन?" भाऊजी म्हणाले. "इतके दिवस स्पर्धा चाललीय, एकदा हसली असेल तर शपथ. लोक येतात ते काय हे बघायला?"

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, विद्याधर. क्लबच्या कमिटीवर होते. त्यांची गाडी कोरियन, घरातला टीव्ही कोरियन, फ्रीज कोरियन. घासाघीस न करता पैसे मोजून त्यांनी ते सगळं घेतलं होतं आणि आल्यागेल्याला त्याची तारीफ सांगायचे. कोरियातून आलेली मुलगी तेवढी त्यांना चालत नव्हती.

"हसते ती," मी म्हटलं. "घरी येऊन बघा. हसायला लागली की थांबत नाही."

"वहिनी, तुमच्या वरच राहते म्हणून तुम्हाला पुळका. आमच्या केतकीचं बघा जरा. ही परकी पोरगी आज जिंकली, तर आपल्या मुलीच्या तोंडचा घास गेला."

केतकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. माझीही म्हणायला हरकत नाही, कारण शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिनं माझ्या घरी काढल्या. मला मूल नाही. तिच्या हातात पहिल्यांदा गोल्फची काठी दिली ती माझ्या नवऱ्यानं, श्रीधरनं, आणि त्याच रविवारी सोहीच्याही हातात दिली. सोहीचे वडील चाकणकडे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. ती चार वर्षांची असताना ती माणसं आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली. दर रविवारी श्रीधर दोन्ही पोरींना स्कूटरवर पुढेमागे बसवून इथे घेऊन यायचा. श्रीधर गेला तेव्हा दोघी माझ्या दोन बाजूंना बसून होत्या. कोण जास्त रडली ते सांगता यायचं नाही.

आता त्या दोघी धंदेवाईक खेळाडू होत्या, पहिल्या नंबरावर बरोबरीत होत्या आणि शेवटच्या फेरीत एकत्र खेळणार होत्या. जिंकणारीला परदेशातल्या मोठ्या टूरच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या स्पर्धामालिकेच्या, पात्रता फेरीत थेट प्रवेश होता. केतकीला तो हवा होता. सोहीला तो हवाच होता, कारण तिच्या वडिलांची इथली नेमणूक संपली होती. महिनाअखेरीला ते लोक कायमचे परत निघणार होते.

"तिकडे माझ्यासारख्या गल्लीगल्लीत आहेत, मावशी," आदल्या दिवशी ती माझ्या ओट्याशी कढीपत्ता निवडत म्हणाली होती. "सेऊलमध्ये मला कोण विचारणार? माझं कोरियन ऐकून मावसबहिणी हसतात. म्हणतात, तू डोकं हलवून बोलतेस."

"मग जिंक."

"जिंकते. पण मावशी, ओटी कशात घ्यायची? मला पदर नाही."

मी हसले. यमुनाबाई चषकाची ती जुनी रीत होती. क्लबच्या संस्थापकांच्या बायकोच्या नावाची ही स्पर्धा. पहिल्या वर्षी चषक द्यायच्या आधी तिनं विजेतीची खणानारळानं ओटी भरली होती. तेव्हापासून प्रत्येक विजेतीची भरत आले होते. एकदा बेंगळुरूची मुलगी जिंकली, एकदा चंदीगडची. त्यांचीही भरली. सोही लहानपणापासून हे बघत आली होती. चषकाचं कौतुक सगळ्यांनाच असतं. हिला त्या ओटीचंही होतं.

"टॉवेल आण स्वच्छ," मी म्हटलं. "दोन्ही हातांवर पसरून धरायचा. झालं."

व्हरांड्यातून मी उठले आणि माझी पाटी घ्यायला गेले. स्पर्धेच्या दिवसांत मी स्वयंसेवक असायची. 'शांत राहा' असं लिहिलेली पाटी डोक्यावर धरून उभं राहायचं, एवढंच काम. खेळाडू फटका मारायला उभी राहिली की पाटी वर, बॉल उडाला की खाली. गोल्फ बघणाऱ्यांचा एक शिष्टाचार असतो. श्रीधरनं तो मला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवला. फटका मारताना श्वाससुद्धा जोरात घ्यायचा नाही. फटका चांगला गेला तर टाळ्या, मग तो कोणाचाही असो. वाईट गेला तर गप्प राहायचं. दुसऱ्याचा बॉल वाया गेल्यावर टाळी वाजवणारा माणूस खेळाच्याही लायकीचा नाही आणि पंगतीच्याही, असं तो म्हणायचा.

त्या दिवशी मैदानाच्या दोरीबाहेर पुण्यातली झाडून सगळी शिकलीसवरलेली मंडळी होती. डॉक्टर, वकील, बिल्डर, त्यांच्या बायका. डोक्यावर पांढऱ्या टोप्या, हातात लिंबूपाणी. केतकीनं फटका मारला की "वा!", "शाब्बास बेटा!" आणि टाळ्या. सोहीनं मारला की गप्प. मी सुरुवातीला म्हटलं, असेल, आपल्या मुलीचं कौतुक जास्त असणारच. पण दुपारपर्यंत माझ्या कानांवर जे जे येत गेलं, ते नुसतं कौतुक नव्हतं.

"यांना जन्मल्यापासून कोंडून शिकवतात म्हणे. आईबाप मारतात."

"सगळ्यांची तोंडं सारखीच. उद्या हिच्या जागी दुसरी आली तरी कळायचं नाही."

"परदेशात सगळ्या स्पर्धा ह्यांनीच खाल्ल्यात. तिकडच्या लोकांनी टीव्ही लावायचं सोडलं. आता इथेही."

"खेळतात चांगलं, पण मजा नाही येत बघायला. आपलेपणा वाटला पाहिजे ना."

हे शेवटचं बोलणाऱ्या बाई आमच्याच सोसायटीतल्या होत्या. सोहीच्या आईच्या गॅलरीतल्या लोणच्याच्या बरण्यांचा वास येतो म्हणून त्यांनी सेक्रेटरीकडे तक्रार केली होती. त्याच बाईंच्या मुलाला बारावीच्या परीक्षेच्या दिवशी रिक्षा मिळेना, तेव्हा सोहीच्या वडिलांनी कारखान्याची मोटार थांबवून त्याला सोडलं होतं. पण आपलेपणा वाटला पाहिजे.

सोहीला हे सगळं ऐकू येत होतं आणि समजतही होतं. ती मराठी बोलते हे त्या मंडळींना माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या ते लक्षात राहत नव्हतं. चेहरा बघितला की ते विसरून जात. एकदा बॉलमागे चालत ती माझ्या पाटीजवळून गेली.

"मावशी, पाणी आहे?"

मी बाटली दिली.

"हसू का जरा त्यांच्याकडे बघून?" तिनं घोट घेत विचारलं.

"तू खेळ."

"काल हसले होते. मागून आवाज आला, बघा बघा, हरवते आणि वर हसते." तिनं बाटली परत दिली आणि गेली.

शेवटच्या होलला दोघी पुन्हा बरोबरीत आल्या. या होलच्या हिरवळीच्या डाव्या अंगाला तळं आहे. माझी पाटी तिथेच, तळ्याच्या काठावर होती. दोरीपलीकडे, माझ्यापासून हाकेच्याही नाही, नुसत्या बोलण्याच्या अंतरावर भाऊजी त्यांच्या मित्रांबरोबर उभे होते. प्रफुल्ला क्लबच्या इमारतीत ओटीचं तबक लावत होती.

पहिला फटका दोघींचाही चांगला गेला. दुसरा आधी सोहीनं मारायचा होता. मी पाटी वर केली. तिनं फटका मारला, आणि बॉल उडाल्या उडाल्या तिनं काठी तशीच हातात धरून मान खाली घातली. वाऱ्यानं बॉल डावीकडे ओढला होता. तो हिरवळीच्या कडेवर आपटला, उतारावरून तळ्याकडे घरंगळला.

आणि टाळ्या वाजल्या.

एकदोन चुकार टाळ्या नव्हेत. दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धो धो. कोणीतरी शिट्टी मारली. "गेला गेला!" असं ओरडणारा माणूस हृदयरोगतज्ज्ञ होता, त्याच्याकडे श्रीधरची अँजिओग्राफी झाली होती. मी डोक्यावर 'शांत राहा' धरून त्या टाळ्यांमध्ये उभी होते.

पण बॉल तळ्यात गेलाच नव्हता. काठावरच्या उंच गवतात तो अडकला होता, दोरीला लागून, भाऊजींच्या पायांपासून वीतभरावर. मला तो स्वच्छ दिसत होता. भाऊजींनाही दिसत होता.

आता केतकीची पाळी. मी पाटी पुन्हा वर केली. सगळ्या माना केतकीकडे वळल्या, सगळं मैदान चिडीचूप झालं. भाऊजींची मान वळली नाही. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, डाव्या पायाचा पांढरा बूट हळूच दोरीखालून पुढे सरकवला आणि टोकानं बॉल ढकलला. डबक्यात बेडूक उडी मारतो तेवढाच आवाज झाला.

त्यांनी पाय मागे घेतला, वर बघितलं आणि मी त्यांच्याकडे बघतेय हे त्यांना दिसलं.

तेवढ्यात केतकीचा बॉल सुरेख हिरवळीवर उतरला आणि टाळ्यांचा पाऊस पडला. त्या गडबडीत भाऊजी दोरीजवळून दोन पावलं माझ्याकडे आले. चेहऱ्यावर हसू होतं, लोकांनी बघितलं तर दीर-भावजय खेळाबद्दल बोलताहेत असंच वाटावं.

"वहिनी, केतकीचा विचार करा," ते म्हणाले. "ती पोरगी आठ दिवसांनी विमानात बसून जाणार. केतकी तुमच्याजवळ राहणार आहे. म्हातारपणी तुम्हाला कोण बघणार?"

श्रीधरचा सख्खा भाऊ. नाक तेच, आवाज तोच. त्या आवाजात ते शब्द ऐकले आणि मला शिसारी आली.

सोही तळ्याकडे चालत आली. तिच्याबरोबर रेफ्री मिसेस पूवय्या होत्या, कुर्गच्या, उंच, कोणाच्या बापाला न भिणाऱ्या. बॉल पाण्यात गेला की एका फटक्याचा दंड. तेवढा दंड बसला असता तर चषक केतकीचाच होता. सोहीनं पाण्याकडे बघितलं आणि खिशातून दुसरा बॉल काढला.

मी हात वर केला.

"मॅडम," मी म्हटलं, "बॉल पाण्यात गेला नव्हता. इथे गवतात थांबला होता. नंतर बाहेरून कोणीतरी तो हलवला."

"हलवला?" मिसेस पूवय्यांनी विचारलं. "तुम्ही बघितलं?"

"माझ्या डोळ्यांनी. बुटानं ढकलला, प्रेक्षकानं."

आजूबाजूला कुजबुज झाली. कोणीतरी "काहीतरीच" म्हणालं. भाऊजी मोठ्यानं हसले.

"मॅडम, या माझ्या वहिनी. यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय."

दोरीबाहेरची मंडळी खो खो हसली. माझ्या ओळखीची, माझ्या घरी जेवून गेलेली मंडळी.

"कोणी ढकलला?" मिसेस पूवय्यांनी मलाच विचारलं.

केतकी तोवर हिरवळीवरून काठापर्यंत आली होती. ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी ताप चढला की बघायची तशी. मग तिची नजर खाली गेली. भाऊजींच्या डाव्या बुटाच्या टोकाला हिरवट काळा चिखल लागला होता. उजवा बूट पांढराशुभ्र होता.

"नियमाला नाव लागतं का?" मी विचारलं.

"नाही लागत. जागा लागते."

"मग जागा दाखवते."

मी दोरीलगत गेले आणि वाकले. गवत अजून दबलेलं होतं. तिथे बोट ठेवलं. मिसेस पूवय्या उकिडव्या बसल्या, गवत बघितलं, काठावरची बुटाची खूण बघितली. उठताना त्यांची नजर भाऊजींच्या पायांवरून गेली.

"बॉल इथे ठेवा, मिस बेक," त्या म्हणाल्या. "दंड नाही."

पुन्हा कुजबुज. या वेळी मोठी. "घरभेदी," असा शब्द मी स्पष्ट ऐकला.

मी माझ्या जागेवर जाऊन पाटी वर केली. सोहीनं बॉल गवतात ठेवला, एक पाय उतारावर, एक जवळजवळ पाण्यात. तिथून कप दिसतही नव्हता, नुसतं निशाण दिसत होतं. तिनं छोटासा, अलगद फटका मारला. बॉल गवतातून वर आला, हिरवळीवर टेकला, वळला, वळत वळत गेला आणि कपात पडला. तो पडल्याचा आवाज आम्हाला तळ्यापर्यंत ऐकू आला, इतकी तिथे शांतता होती.

असा फटका माणूस जन्मात एकदा बघतो. श्रीधर असता तर टोपी हवेत उडवून ओरडला असता. आणि दोरीबाहेर ती सगळी गर्दी हाताच्या घड्या घालून उभी होती. घटकेपूर्वी तिच्या चुकीवर धो धो टाळ्या वाजवणारे हात. कोणाच्या घशातून आवाज फुटला नाही. माझी पाटी अजून वरच होती. 'शांत राहा'. कधी नव्हे ती इतकी पाळली गेली होती.

मी पाटी गवतात फेकली आणि टाळ्या वाजवल्या. पलीकडे सोहीची आई वाजवत होती. मिसेस पूवय्यांना वाजवायची परवानगी नसते, त्यांनी नुसती मान डोलावली. बस्स. तेवढ्याच.

केतकीला बरोबरीसाठी एका फटक्यात बॉल कपात घालायला हवा होता. तो कडेवरून गेला.

बक्षीस समारंभ व्हरांड्यासमोर होता. टेबलावर चषक, शेजारी चांदीचं तबक, त्यात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. मी लोकांच्या मागे खांबाला टेकून उभी होते. तबकाच्या जवळ मी तसंही जात नसे. श्रीधर गेल्यापासून मला हळदीकुंकवाला बोलवत नव्हते. तोंडावर कोणी काही बोलत नसे. आमंत्रणच येत नसे. इतकी सुसंस्कृत माणसं.

आधी उपविजेती म्हणून केतकीचं नाव पुकारलं. ती डोळे पुसत येऊन उभी राहिली. मग सोहीचं. सोही तोंड धुऊन, केस नीट बांधून आली होती. खांद्यावर कोरा पांढरा टॉवेल होता. तिनं तो काढला, दोन्ही हातांवर पसरला आणि तबकाकडे बघत उभी राहिली.

प्रफुल्ला तबक घेऊन निघाली. सोही किंचित वाकली. प्रफुल्ला तिच्यासमोरून तशीच पुढे गेली आणि केतकीसमोर थांबली.

"ओटी आपल्या लेकीची भरायची असते," माईकमधून भाऊजींचा आवाज आला. "तर प्रथेप्रमाणे आपल्या केतकीची ओटी भरू या!"

आता टाळ्या वाजल्या. भरपूर.

"हिला काय कळणार त्यातलं?" माझ्या पुढची बाई शेजारणीला म्हणाली. "नारळ नेऊन टाकून देईल कुठेतरी."

सोहीनं टॉवेलाची घडी घातली. टोकाला टोक जुळवून, नीट. मग दुसरी घडी. खांद्यावर ठेवला. कोणीतरी तिच्या हातात चषक दिला, तिनं वाकून नमस्कार केला आणि फोटोसाठी उभी राहिली.

"बघा," मागून आवाज आला, "आतासुद्धा हसत नाही."

मी तिथून निघाले. आणखी थांबले असते तर कोणाच्या तरी तोंडावर थुंकले असते. पार्किंगमध्ये माझ्या गाडीजवळ पोचते तोच मागून पळत पावलं आली. केतकी होती. ओटी तिनं ओढणीत गच्च आवळून धरली होती.

"काकू, तुम्ही बघितलं नसतं तर नसतं का चाललं?"

"बघितलं ना, राणी."

"बाबाच होते ना?"

तिनं उत्तराची वाटही बघितली नाही.

"मी तिला नीट हरवलं असतं," ती रडत म्हणाली. "मला कोणाच्या बुटाची गरज नव्हती! आता लोक म्हणणार, काकूनं हरवलं. आणि मला काय माहितेय ते मी कोणाला सांगू? घ्या हे. मला नको. द्या तुमच्या कोरियन लेकीला." तिनं ओढणीतलं सगळं माझ्या गाडीच्या टपावर ओतलं. तांदूळ काचेवरून घरंगळले. नारळ मी पकडला म्हणून वाचला. ती वळून निघून गेली. त्यानंतर कित्येक वर्षं ती माझ्या घरी आली नाही.

सोही आणि तिची आई येईपर्यंत मी टपावरचे तांदूळ ओंजळीत गोळा करत होते.

"काय करताय, मावशी?"

"टॉवेल पसर."

तिनं माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या कपाळाकडे.

"तुमच्या हातून चालतं?" तिनं विचारलं. कोणी दुसऱ्यानं विचारलं असतं तर लागलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुम्हाला बोलवत नाहीत ना हळदीकुंकवाला?"

"नाही."

"मलाही नाही बोलवलं कधी."

"मग झालं तर. पसर."

ती हसायला लागली. एकदा लागली की थांबत नाही, मी म्हटलं होतं ना. हसता हसता रडायला लागली. मी तिच्या टॉवेलात खण ठेवला, नारळ ठेवला, हळकुंड, सुपारी आणि ओंजळभर तांदूळ, त्यात थोडी पार्किंगची धूळही असेल. तिची आई बाजूला हात जोडून उभी होती. तिला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण ती खाली वाकली, आणि मीही वाकले.

महिनाअखेरीला ती माणसं गेली. भाऊजींनी नात्यात आणि क्लबात सांगून टाकलं की वहिनींनी परकीसाठी घरच्या मुलीचा घास काढला. त्यांचं ऐकून लोकांनी मला ओळख दाखवणं सोडलं. मी पाटी धरायला पुन्हा गेले नाही.

सोही मात्र पात्रता फेरीतून वर गेली. पुढची काही वर्षं तिचं नाव टीव्हीवर छोट्या अक्षरांत दिसायचं, मग मोठ्या. गेल्या वर्षी तिनं एक फार मोठी स्पर्धा जिंकली आणि मुलाखतीत सांगितलं की मी खेळायला पुण्यात शिकले, एका काकांच्या स्कूटरवर बसून. झालं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत 'पुण्याची सोही'. आणि आठवड्याच्या आत भाऊजी माझ्या दारात, हातात पेढ्यांचा पुडा. आता ते क्लबचे अध्यक्ष होते.

"वहिनी, तुमचं ती ऐकते. सत्काराला बोलवा तिला. आपल्या लेकीचा सत्कार आपण नाही करायचा तर कोणी?"

मी दार लावून घेणार होते. पण सोहीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "येते, मावशी. तुम्ही पुढच्या रांगेत बसा."

क्लबच्या फाटकावर तिचा दहा फुटी फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'मुळाकाठची लेक'. लोणच्याच्या वासाची तक्रार करणाऱ्या बाई सेल्फीच्या रांगेत पहिल्या होत्या. प्रफुल्लाच्या भाच्या कोरियन मालिका बघतात, त्यांच्याकडून ती चार शब्द शिकून आली होती. सोही दिसताच तिनं हात जोडून कमरेत वाकत मोठ्यानं कोरियनमध्ये काहीतरी म्हटलं.

"नमस्कार, काकू," सोही म्हणाली. "गुडघे कसे आहेत?"

भाऊजींनी लांबलचक भाषण केलं. खेळाला जात नसते, देश नसतो, रंग नसतो. शेवटी आवाज चढवून म्हणाले, "तो ऐतिहासिक दिवस मला आजही आठवतो. मी तळ्याकाठीच उभा होतो. या मुलीसाठी टाळ्या वाजवून वाजवून आमचे हात लाल झाले होते!"

चोरी करून विसरणारी माणसं मी बघितली होती. चोरलेला माल धन्यालाच भेट देणारा माणूस पहिल्यांदा बघत होते.

सोहीनं माईक घेतला.

"काका म्हणाले ते खरं आहे," ती आमच्या पुण्याच्या मराठीत म्हणाली. "तळ्याकाठी टाळ्या वाजल्या होत्या. मला त्या चांगल्या आठवतात. माझा बॉल तळ्याकडे गेला, तेव्हा वाजल्या."

काही जण हसले. मग हसायचं थांबले. प्रफुल्ला प्रसंग ओळखून लगबगीनं तबक घेऊन पुढे झाली. तेच चांदीचं तबक. फोटोवाले सरसावले.

"ये बाई, ओटी भरते तुझी. तेवढी राहिलीय."

"राहिली नाही, काकू," सोही म्हणाली. माईक अजून तिच्या हातात होता. "माझी ओटी भरली आहे. त्याच दिवशी, बाहेर पार्किंगमध्ये. उल्कामावशींनी भरली. टॉवेल अजून माझ्या बॅगेत असतो."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तबक हवेतच राहिलं. ज्यांनी मला ओळख दाखवणं सोडलं होतं ते सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या बिनकुंकवाच्या कपाळाकडेही बघत होते. कोणालाच काय करावं ते कळेना.

भाऊजींना कळलं. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

"वा! आमच्या वहिनी!" ते ओरडले. "आमच्याच घरच्या!"

आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. धो धो, दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजल्या होत्या तशाच. तो आवाज मी बरोबर ओळखते. सोही टाळ्या वाजवत नव्हती, स्टेजवरून माझ्याकडे बघत होती. मी भाऊजींच्या पायांकडे बघितलं. बूट नवे होते, आणि दोन्ही स्वच्छ.